हिरव्या पदराखालची आळी

त्या मंगळवारी संध्याकाळी करावे गावच्या गावदेवीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. वादळ येऊन गेल्याला सोळा दिवस झाले होते. गावातल्या बायका होत्या, पाम बीचच्या टॉवरांतून गाड्या घेऊन आलेली माणसं होती, मार्केटातलं काम उरकून थेट आलेले माथाडी होते, आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. देवीची मूर्ती आत गाभाऱ्यात होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लोक बघत होते तो बाहेर बांबूंना बांधलेला दहा बाय सहाचा फ्लेक्स.

फ्लेक्सवर गावाचा नकाशा होता, आकाशातून काढलेल्या फोटोवरून केलेला. घराघरावर लाल आणि पिवळे ठिपके. आणि बरोबर मधोमध, देवळाभोवतीच्या आळीवर, अंड्याच्या आकाराचा हिरवागार पट्टा. वर ठळक अक्षरांत ‘आईचा पदर’. चारही कोपऱ्यांत गॉगल लावलेले शुभेच्छुक, कारण त्यांच्याशिवाय आमच्याकडे साधा वाढदिवससुद्धा साजरा होत नाही. आणि तळाशी एक ओळ: ‘नकाशाकार, करावे गावची कन्या कु. सोनल तांडेल हिचे हार्दिक अभिनंदन.’

“बघा!” मोरपिसांचा कुंचा फ्लेक्सवर आपटत पोपटबुवा ओरडला. “इकडे लाल, तिकडे लाल, आणि मधे? हिरवा! अहो, वादळ कुणाला सोडतं का? इथं सोडलं! आकाशात आईचा डोळा आहे, भक्तांनो. सायन्सवाले त्याला सॅटेलाईट म्हणतात, आपण तिसरा नेत्र म्हणतो. फरक इतकाच, की आईच्या नेत्राला रेंज कायम फुल आणि रिचार्जची कटकट नाही!”

“आई माऊली!” गर्दी एका आवाजात ओरडली.

हा पोपटबुवा दोन महिन्यांपूर्वी गावात भाड्याच्या खोलीत राहायला आला होता. हिमालयात तप केलं असं सांगायचा. किती वर्षं, ते ऐकणाऱ्याच्या वयावर ठरायचं. वादळ येईपर्यंत त्याच्या दारात चार चपला दिसल्या तरी खूप. नकाशा आला आणि बुवाचं नशीब उघडलं.

गर्दीच्या अगदी मागे, एका पानटपरीच्या आडोशाला, नकाशाकार सोनल उभी होती. वय सव्वीस. कॉलेजात असताना तिनं नारळातून धूर काढून दाखवला होता आणि तो कसा निघतो तेही समजावून सांगितलं होतं. गावात कुणाच्या अंगात आलं की ही तोंडावर हसायची. आज तिला हसू येत नव्हतं. तो पट्टा हिरवा कसा झाला, हे एवढ्या गर्दीत फक्त तिला माहीत होतं.

सोनल एका संस्थेत काम करायची. पूर आला, वादळ आलं की ही संस्था उपग्रहाचे फोटो घेऊन नुकसानीचे नकाशे बनवायची आणि ते सरकारी माणसांना द्यायची, म्हणजे पंचनाम्याला आधी कुठे धावायचं ते त्यांना कळावं. काम ऐकायला मोठं, पण युक्ती साधी. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो एकावर एक ठेवायचा. छप्पर होतं आणि आता नाही, तर लाल. थोडं गेलं, तर पिवळा. जसंच्या तसं, तर हिरवा. आणि जिथे ढग आडवा आला म्हणून काहीच दिसलं नाही, तिथे करडा. करड्याचा अर्थ एकच: माहीत नाही, पायी जा आणि बघून ये.

वादळानंतर तिसऱ्या दिवशी उपग्रह करावे गावावरून गेला, तेव्हा नेमका एक ढग देवीच्या आळीवर थांबला होता. अंड्याच्या आकाराचा. संगणकानं इमानदारीनं तिथे करडा रंग भरला.

सोनल चार दिवस गावभर फिरली. घरोघरी जाऊन ठिपके तपासले, चुकलेले सुधारले. पाचव्या दिवशी शेवटचा गठ्ठा उरला: ढगाखालची सदतीस घरं आणि कडेची थोडी. ऊन रणरणत होतं, टाचांना फोड आले होते, ऑफिसातून फोनवर फोन येत होते. आणि देवीच्या आळीत जाऊन बघायचं काय? करावे गावात जन्मलेल्या कुठल्याही पोराला विचारा. देवीच्या ओट्याशी पाणी चढत नाही. आजोबांच्या वेळची भरती असो की कसलंही वादळ, गाव तांदळाच्या गोणी उचलून त्याच आळीत नेऊन ठेवायचं. बाहेरचा कुणी असता तर त्याला हे ठाऊक नसतं आणि तो मुकाट चालत गेला असता. सोनल गावची होती. तिनं खुर्चीत बसून सदतीस घरांवर हिरवा रंग भरला, कडेची संगणकानं दाखवली तशीच ठेवली, आणि ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ या चौकोनात टिक मारली.

नकाशा, सोबत घराघराची यादी जोडून, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. त्यावर तीनशे नमस्काराचे हात आले. ती यादी उघडून वाचायची तसदी कुणी घेतली नाही. एका माणसानं मात्र घेतली.

“शांत!” बुवानं डोळे मिटले. अंगाला झटका दिला. मान गोल फिरू लागली. “दिसतंय… आई दाखवते… खाडीच्या अंगानं चौथं घर… पत्रा गेला… पाचवं घर… अर्धी कौलं… आठवं… आठवं पूर्ण लाल… रडू नको गं माऊली!”

आठव्या घराची बाई खरोखरच हुंदके देऊ लागली. न बघता सांगितलं! मग बुवा अकराव्या घराकडे वळला. बुवा आठ दिवस असा रोज एकेका आळीतली दहा-बारा घरं सांगत होता. आज सोनल पहिल्यांदाच स्वतः ऐकत होती आणि तिच्या कानाला काहीतरी खटकत होतं. चार, पाच, आठ, अकरा. देवी घरं ओळीनं का बघते?

“आणि नीट ऐका,” बुवानं डोळे उघडले. आवाज खाली आणला. “पदराच्या आत आईनं एका केसालाही धक्का लागू दिलेला नाही. आत राहूनही ज्याच्या घराला तडा, त्यानं समजून जावं. तडा भिंतीला नसतो. तडा मनातल्या पापाचा असतो.”

गर्दीत समोर बसलेल्या आळीतल्या बायकांनी एकदम माना खाली घातल्या. सोनलला वाटलं, भक्तीनं घातल्या असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेवंताबाईकडे गेली. शेवंताबाई म्हणजे सोनलच्या वडिलांची चुलत बहीण, तिची आत्या. देवीच्या आळीत, देवळापासून तिसरं घर. नवरा खाडीत मासेमारीला जायचा, तो गेल्याला दहा वर्षं झाली. मुलगा-सून कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून आठ वर्षांची नात मनस्वी तिच्यापाशी होती. घर जुनं, विटांचं. रस्त्याकडून ठाकठीक.

आत पाऊल टाकताच सोनलला खाडीच्या गाळाचा वास आला. अगरबत्ती लावलेली होती, तरी आला. आणि समोरच्या भिंतीवर तिला कॅलेंडर दिसलं. देवीचं चित्र असलेलं, नवं. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर लावलेलं.

“आत्या, कॅलेंडर एवढं खाली?”

“मनस्वीला दिसावा म्हनून गो.” शेवंताबाई पाणी आणायला वळली. “बस तू. सोलकढी देते.”

“मनस्वी काय रांगते का आता?”

सोनल खाली बसली आणि तिनं कॅलेंडर बाजूला केलं. मागे भेग होती. पायापासून निघून तिरकी वर गेलेली, अन् तिथून वर भिंतीवर टांगलेल्या जुन्या जाळ्याच्या मागे शिरलेली. सोनलचा हात मनगटापर्यंत आत गेला. पलीकडून बोटांना ऊन लागलं. त्याच भिंतीला लागून मनस्वीची गादी गुंडाळून ठेवलेली होती.

“कोनाला बोलू नको गो बाय,” शेवंताबाई मागून म्हणाली. तांब्या तसाच हातात होता. “पाया पडते तुझे.”

“पाणी आलं होतं?”

“आलता. गटारातशी उलटा आला. गुडघाभर. दोन तास होता, मंग उतरला. रोज थोडी थोडी माती पडते भिंतीची.”

“मग सांगितलं का नाही? पंचनाम्याची माणसं शुक्रवारपर्यंत आहेत फक्त!”

“काय सांगू? बुवा बोलला, ज्याचे घराला तडा, त्याचे मनान पाप. तुझा आत्याबा गेला तवा लोक मनाच पापीन बोलली, तुना म्हाईत हाय. परत नको.” ती खाली बसली. “आनि बुवाचा सोड. तुझे नकाशान हिरवा हाय ना? तू शिकलेली पोर. मना वाटला, माझीच नजर फिरली आसंल. पानी आलाच नसंल.”

सोनलला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बुवानं खोटं सांगितलं होतं, पण त्या खोट्याला शिक्का तिचा होता. फाटलेल्या भिंतीसमोर बसलेली बाई स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती, कारण सोनलनं चालायचा कंटाळा केला होता. फ्लेक्सवर स्वतःचं नाव पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं त्याचा फोटो काढला होता. तो अजून तिच्या फोनमध्ये होता. आठ दिवस ती मनाशी म्हणत होती, असू दे, कुणाचं काय बिघडतंय. काय बिघडतंय ते आता तिच्या बोटांना लागलं होतं.

तिनं आळीतली घरं बाहेरूनच चालत बघितली. उघड्या दारांतून आत नजर टाकली. एका घरात गुडघ्याएवढ्या उंचीवर टॉवेल टांगलेला. एका घरात गणपतीची तसबीर. एका घरात नुसतं वर्तमानपत्र चिकटवलेलं. आळीच्या टोकाला आल्यावर तिला चढ चढावा लागला आणि ती थबकली. आळी खाली गेलेली नव्हती. भोवतालचे रस्ते काँक्रीटवर काँक्रीट ओतून वर गेले होते. गावातली सगळ्यात उंच जागा आता बशीसारखी मधोमध बसली होती, आणि हे रोज तिथून जाणाऱ्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

ऑफिसात तिच्या वरिष्ठ राजलक्ष्मी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“टिक तू मारलीस?”

“हो.”

“न जाता?”

“न जाता.”

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “आत्ता करडा कर. माझ्यासमोर. पंचनामेवाल्यांना मी फोन करते, पण ऐक. ते शुक्रवारी आळीत येतील आणि विचारतील, नुकसान आहे का? लोक ‘नाही’ म्हणाले तर ते ‘नाही’च लिहून जाणार. ते ‘नाही’ तू कसं पुसणार, ते बघ.”

गुरुवारी संध्याकाळी देवळासमोर पुन्हा गर्दी जमली. सोनल या वेळी टपरीमागे उभी राहिली नाही. शेवंताबाईच्या शेजारी, सगळ्यात पुढे बसली.

बुवा घुमू लागला. “दिसतंय… आई दाखवते… देवळाच्या पूर्वेला… हरेशचं घर… अरेरे! छप्पर पूर्ण उडालंय! निळं प्लास्टिक टाकून बिचारी पोरंबाळं दिवस काढतायत…”

हरेश गर्दीतच होता. गावातला बडा माणूस, तीन मजल्यांच्या घराचा मालक. तो उठूनच उभा राहिला.

“काय बोलतोस रं? माझे घराला छप्पर कवा होता? स्लॅब हाय आमचा, स्लॅब!”

बुवाची मान फिरायची थांबली. “आई… आईला निळं दिसतंय.”

“निळं दिसणारच,” सोनल उभी राहिली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. “हरेशकाका, वादळानंतर तिसऱ्या दिवशी तुमच्या गच्चीवर काय होतं?”

“त्या दिवशी? आमचे विपुलची हलद व्हती! वादलात पुढं ढकललेली. तू पन नाचलीस की गो!”

“आणि मांडवाला वर काय घातलं होतं?”

“ताडपत्री. निळी.” हरेशच्या तोंडाचा आ झाला.

“उपग्रहाला वरून निळी ताडपत्री दिसली. छप्पर उडालं की लोक ताडपत्री टाकतात, म्हणून संगणकानं घर लाल केलं. मी जाऊन बघितलं असतं तर चूक लगेच सापडली असती. मी गेले नाही. ज्या गच्चीवर नाचले ती गच्ची मला वरून ओळखता आली नाही.” तिनं फोन वर केला. “ही यादी आठ दिवस तुमच्या सगळ्यांच्या ग्रुपवर पडून आहे. प्रत्येक आळीत खाडीकडून सुरुवात, ओळीनं. चार, पाच, आठ, अकरा. बुवांनी परवा ह्याच क्रमानं सांगितलं. माझी जी चूक यादीत आहे, तीच आज बुवांच्या तोंडून बाहेर आली. देवी हळदीचा मांडव ओळखणार नाही का?”

कुणीतरी फसकन हसलं. मग हशाची लाटच आली. माणसं खिशातून फोन काढून ग्रुपवर मागे मागे जाऊ लागली. एक माथाडी ओरडला, “अय बुवा, नववं घर सांग की आता डोळं मिटून! मी यादी धरतो!”

पण पोपटबुवा कच्चा नव्हता. त्यानं कुंचा सोनलवर रोखला. “चूक तिची, आणि बोल देवीला? बरं, यादी सोडा! हा हिरवा पदर? हा कुणी दिला? सांग ना पोरी, हा कुणी दिला?”

हसणं थांबलं. सगळे फ्लेक्सकडे बघू लागले.

“मी,” सोनल म्हणाली.

समोर तिच्या शाळेतल्या बाई होत्या, शेजारी होते, हळदीला सोबत नाचलेल्या मैत्रिणी होत्या.

“तो पदर नाही. तो ढग आहे. त्या दिवशी आळीवर ढग होता, म्हणून काहीच दिसलं नाही. मी चालत जाऊन बघायला हवं होतं. मी गेले नाही. देवीच्या आळीत पाणी येत नाही असं लहानपणापासून ऐकलेलं, तेच खरं धरलं आणि ऑफिसात बसून हिरवा रंग भरला. बघून आले म्हणून खोटी टिक मारली. मी अंगात येणाऱ्यांना हसायची ना? मीही तेच केलं. फक्त कॉम्प्युटरवर केलं.” तिनं डोळे पुसले नाहीत. “मला लाज वाटते. फार लाज वाटते. पण लाज माझी आहे. ज्यांच्या भिंतींना तडे गेलेत त्यांनी ती कशाला वाटून घ्यायची? त्यांचं काहीच पाप नाही. उद्या पंचनाम्याची माणसं येणार आहेत. शेवटचा दिवस आहे.”

आळीतल्या बायका जमिनीकडे बघत होत्या. सोनलला वाटलं, संपलं. आपण नाक कापून घेतलं आणि उपयोग शून्य.

मग शेजारी हालचाल झाली. शेवंताबाई एका हातानं सोनलच्या खांद्याचा आधार घेत उठली.

“माझे घरान गुडघाभर पानी आलता,” ती म्हणाली. आवाज लहान होता, पण समोरच्यांना पोचला. “भित फाटली हाय. कॅलेंडर लावून झाकलेली. नातीला तिचेच बाजूला निजवते.”

मग मागून एक बाई म्हणाली, “आमचे पन आलता. टावेल लावलाय.” “आमचा गनपती उगाच खाली नाय आनला.” “आमचा ओटा खचला.” एकेक करत बायका उठत होत्या आणि एकमेकींकडे बघत होत्या, शेजारणीच्या भिंतीमागे काय आहे हे जणू पहिल्यांदा कळत होतं. इतके दिवस प्रत्येकीला वाटत होतं, आळीत पापी तेवढी आपण एकटीच.

या गडबडीत पोपटबुवा कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. शुक्रवारी सकाळी त्याच्या खोलीला कुलूप होतं.

शुक्रवारी पंचनामा झाला. सदतीसपैकी सोळा घरांची नोंद झाली. सोनल प्रत्येक घरी सोबत गेली, टेप धरली, तसबिरी स्वतःच्या हातानं बाजूला केल्या. शेवंताबाईला आणि मनस्वीला अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी बाहेर काढलं. सोमवारी दुपारी ती भिंत आतल्या बाजूला पडली. मनस्वी तेव्हा सोनलच्या घरी अभ्यास करत होती. तिची गुंडाळलेली गादी मात्र घाईत तिथेच राहिली होती. ती विटांखालून ओढून काढताना सोनल रडली, आणि शेवंताबाईनं तिला रडू दिलं. उगी उगी असं काही म्हटलं नाही.

सोनलला ऑफिसात लेखी ताकीद मिळाली. गावात काही लोक अजून तिच्याशी बोलत नाहीत. तिचं त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

फ्लेक्स काढून टाकायचं ठरलं, तेव्हा तिनं तो मागून घेतला. हिरव्या पट्ट्यावर करडा रंग स्वतः फासला आणि आळीच्या तोंडाशी पुन्हा बांधला. गॉगलवाले शुभेच्छुक कापून टाकले. स्वतःचं नाव ठेवलं. अभिनंदन खोडून त्याजागी चार ओळी लिहिल्या. त्या आजही तिथे आहेत, उन्हानं थोड्या उडालेल्या:

‘इथे ढग होता. मी बघितलं नाही आणि बघितलं असं सांगितलं. यापुढे कुणीही तुम्हाला चमत्कार दाखवला, मग तो भगव्या कफनीत असो की कॉम्प्युटरवर, तर एवढंच विचारा: जाऊन बघितलं कुणी? आणि उत्तर मिळालं नाही, तर स्वतः चालत जाऊन बघा. आपल्या भिंतीला तडा दिसत असेल, तर तो आहे.’